नळातल्या मुंग्या

चूळ भरायला म्हणून चारुताने बेसिनचा नळ सोडला आणि बोटांतून निघालेल्या मुंग्या थेट कोपरापर्यंत चढल्या. शॉक म्हणावा तर तो नव्हता. शॉक कसा, हात मागे खेचायला लावतो, ओरडायला लावतो. हे काहीतरी बारीक होतं, चिवट होतं, अंगाला लागून राहणारं होतं. ओळखीतल्या एखाद्या माणसाने हात हातात घ्यावा आणि नको तितका वेळ सोडूच नये, तसं. तिने हात काढला, उजेडात धरून पाहिला, गाऊनला पुसला. पुन्हा लावला. पुन्हा मुंग्या. तोंडातला टूथपेस्टचा फेस गोडसर, कोमट झाला होता आणि तो थुंकायचंही तिला सुचेना. बाहेर रात्रभर धिंगाणा घातलेलं वादळ ओसरलं होतं, पण छताच्या कौलांतून कुठेतरी अजून थेंब थेंब पडत असल्याचा आवाज येत होता. टूनगॅबीतलं हे घर जुनं, पातळ भिंतींचं. जुलैत बाहेर नसेल एवढा गारठा आत. भारतातल्या लोकांना वाटतं ऑस्ट्रेलिया म्हणजे ऊन, समुद्र आणि कांगारू. इथे या म्हणावं, आणि सकाळी या बाथरूममध्ये एकदा कपडे काढून उभं राहून दाखवा. तिने शेवटी फेस थुंकला आणि तोंड न धुताच बाहेर आली.

हेमचंद्र टेबलाशी चहा पीत होता. मोबाईलवर काहीतरी बघत होता आणि हसत होता. ‘नळाला करंट येतोय,’ ती म्हणाली. त्याने मान वर केली नाही. ‘स्टॅटिक असेल. हिवाळ्यात कोरड्या हवेत होतं.’ काय तर म्हणे स्टॅटिक! ‘अरे, रात्रभर पाऊस कोसळलाय. हवा चिंब ओली आहे. कसलं डोंबलाचं स्टॅटिक?’ त्यावर तो हसला. तिला पाठ असलेलं हसणं होतं ते, लहान मुलाच्या प्रश्नाला द्यावं तसं. ‘तू लॅबमध्ये जंतू बघतेस, मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. आता यात कुणाचं ऐकायचं, तूच सांग.’ मिताली कॅफेतल्या शिफ्टला निघाली होती, बूट चढवत दारातूनच म्हणाली, ‘जस्ट कॉल अ स्पार्की, आई. सीरियसली.’ स्पार्की म्हणजे वायरमन. इथली पोरं त्याला तसंच म्हणतात. हेमचंद्रच्या तोंडावरचं हसू मात्र तेवढ्याने उतरलं. ‘बापाला चार वर्षं इंजिनिअरिंगला काय गोट्या खेळायला पाठवलं होतं?’ ‘व्हॉटेव्हर, बाबा,’ म्हणून मिताली गेली. दार आपटलं, आणि थंड वाऱ्याचा एक झोत आत येऊन राहिला.

त्या चार वर्षांचं चारुताला सगळं तोंडपाठ होतं. त्याच डिग्रीवर व्हिसा मिळाला, त्याच डिग्रीला इथे उतरल्यावर कुणी कुत्र्याने विचारलं नाही. इंजिनिअर म्हणून आलेला माणूस एका ऑफिसात लोकांचे पासवर्ड बदलून देत बसला. आणि वर हा कायदा, की आपल्या मालकीच्या घरात साधं सॉकेट बदलायचं तरी लायसन्सवाला माणूस बोलवायचा. स्वतः हात लावला तर गुन्हा. हे त्याला जिव्हारी लागलं होतं. पुण्याहून आणलेली हत्यारांची पिशवी त्याने एक दिवस माळ्यावरून काढली ती पुन्हा ठेवलीच नाही. आधी घरातलं पॅसेजचं बटण, मग स्वयंपाकघरातले दिवे, मग मंडळाच्या गणपतीची रोषणाई, मग याचा पंखा, त्याचा हीटर. ‘हेमदादा आहेत ना!’ असं एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडायचा. लायसन्सवाला येणार, हातमोजे घालून उगाच सगळं घर बदलायला सांगणार, आणि आपले दादा कसे, श्रीखंडाच्या एका वाटीत खूष. रविवारी संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा चेहरा असा तृप्त असायचा की तिलाही बरं वाटायचं. आठवडाभर ऑफिसात आक्रसलेला माणूस दुसऱ्याच्या शिडीवर चढून पुन्हा उंच होतो, तर होऊ दे. तोच तृप्त चेहरा आता समोर चहात बिस्किट बुडवत होता. बिस्किटाचा मऊ झालेला तुकडा कपात पडला आणि त्याने तो बोटाने काढून तोंडात घातला. एरवी रोजचंच. आज तिला शिसारी आली.

ती उठली, त्याच्या पिशवीतला टेस्टर घेतला, बाथरूममध्ये गेली आणि टेस्टरचं टोक नळाला टेकवलं. दांड्यातला छोटा लाल दिवा पेटला. मंद, पण पेटला. ‘हेम, इकडे ये.’ तो आला, पाहिलं, आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, त्याचा चेहरा कोरा झाला. मग म्हणाला, ‘टेस्टर जुना झालाय.’ तिने टेस्टर बाजूच्या लाकडी दाराला लावला. दिवा विझला. पुन्हा नळाला लावला, पेटला. तेव्हा कुठे तो बाहेर गेला आणि भिंतीवरच्या मीटरच्या पेटीतून बाथरूमचा फ्यूज, चिनीमातीचा तो जुनाट ठोकळा, उपसून घेऊन आला. नळावरच्या मुंग्या गेल्या. ‘झालं समाधान? वर हीट लॅम्पच्या जोडावर पाणी पडलं असणार. पाइपला लागत असेल. वाळेल दोन दिवसांत.’ वाळेल! जसे काही उन्हात घातलेले पापडच. बाथरूमच्या छतात ऊब देणारे ते दिवे त्यानेच मे महिन्यात बसवले होते, तिच्यासाठीच, तिला थंडी बाधते म्हणून. त्या वेळी तिने सगळ्यांना फोन करकरून सांगितलं होतं. ‘या घरात सेफ्टी स्विच का नाही?’ तिने विचारलं. वीज कुठे गळली, माणसाच्या अंगातून जायला लागली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं तोडून टाकणारा स्विच. मितालीने युनिव्हर्सिटीजवळ रूम भाड्याने घेतली होती तेव्हा तिथे होता, चारुताच्या लॅबमध्ये भिंतीभिंतीला होता. ‘तो बसवायला लायसन्सवाला लागतो,’ हेमचंद्र म्हणाला, ‘आणि तो आला की बाकीचं काम कुणी केलं, ते विचारतो.’ एवढं बोलून तो दाढी करायला किचनच्या नळाशी गेला. किचनच्या नळाशी, म्हणजे भांड्यांवर ते केस पडणार.

पॅसेजमधून जाताना तिला तो वास आला. महिनाभर येत होता, सडक्या मासळीचा, दमट, घशाशी चिकटणारा. सात पिढ्यांत मासा न शिजलेल्या घरातला मासळीचा वास! यावरून तिने काय काय केलं नव्हतं? कचऱ्याचा डबा उकळत्या पाण्याने धुतला. सिंकच्या जाळीत सोडा-व्हिनेगर ओतलं. मितालीच्या बॅगेत नाक घातलं, तूच ट्यूनाचं काहीतरी आणून खातेस म्हणून तिच्यावर आळ घेतला, त्यावरून दोघी दोन दिवस बोलत नव्हत्या. शेजारच्या व्हिएतनामी बाईंना तर मनातल्या मनात किती नावं ठेवली. त्या कुंपणावरून हात करायच्या आणि चारुता श्वास रोखून हसायची. रोज संध्याकाळी धूप, रोज कापूर. आज ती पॅसेजच्या बटणापाशी थांबली. बटणाची पांढरी पट्टी कडेला पिवळट, मग तपकिरी झाली होती. तिने नाक जवळ नेलं. वास तिथूनच येत होता. बोट टेकवलं तर पट्टी कोमट होती, ताप भरलेल्या माणसाच्या कपाळासारखी. वायर आतून तापून, प्लास्टिक शिजून शिजून तो वास सुटत होता. मासा नव्हताच कधी. ती स्वयंपाकघरात गेली आणि साबणाने बोट धुतलं, आणि धूत राहिली, कारण तिला कळेना की जास्त किळस कशाची येतेय, त्या बटणाची, की कुंपणापाशी श्वास रोखून हसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याची.

आणि धुता धुताच तिला मयूराचा आवाज आठवला. ‘अगं, आमच्याकडेही येतो गं तस्साच वास! मी तर बाई दिवसभर उदबत्त्या लावते.’ गेल्याच आठवड्यात फोनवर. दोघी हसल्या होत्या, ‘नेबर्सना सांगणार काय, तुमचं जेवण बंद करा?’ म्हणून. मयूरा आणि हृषीकेश, क्वेकर्स हिलला राहणारे, वयाने लहान पण आता घरचेच झालेले. हृषीकेशच्या आई नाशिकहून पहिल्यांदाच आल्या होत्या, त्यांना इथली थंडी सोसवेना, म्हणून मयूराने चारुताच्या बाथरूममधले दिवे पाहून हट्ट धरला होता, आणि हेमदादांनी एका रविवारात तिथेही तेच दिवे, तशीच वायर, तसेच जोड करून दिले होते. चारुताच तर तेव्हा शिडी धरून उभी होती. वादळ तिकडेही झालं होतं. छत तिकडचंही जुनंच होतं. हात पुसून तिने फोन घेतला, मयूराला मेसेज लिहिला, ‘बाथरूम वापरू नका,’ आणि पुसला. पुन्हा लिहिला, ‘आईंना आंघोळ करू देऊ नकोस, सांगते नंतर.’ हे वाचून काय वाटेल? मागून हेमचंद्र म्हणाला, ‘जेवायला तिकडेच जातोय ना आपण? मी बघतो की तिथे गेल्यावर. उगाच फोनवरून घबराट कशाला?’ तिने तोही मेसेज पुसला. का पुसला, हे ती गाडीत बसल्यावर स्वतःलाच विचारत राहिली, आणि उत्तर एकच येत होतं, आणि ते इतकं घाणेरडं होतं की तिने खिडकीची काच खाली केली. नवऱ्याची लाज राखायची म्हणून.

रस्त्यावर निलगिरीच्या फांद्या मोडून पडल्या होत्या. कुणाचं तरी ट्रँपोलिन उडून तिसऱ्याच्या अंगणात उलटं पडलं होतं. ‘तिथे सेफ्टी स्विच आहे?’ तिने विचारलं. ‘सगळ्या जुन्या घरांत तेच आहे, चारू. लोक मरतायत का?’ थोड्या वेळाने तो आवाज मऊ करून म्हणाला, ‘हे बघ. तिथे आई आहेत. सगळ्यांसमोर विषय काढू नकोस. मी हळूच वर चढून बघेन, जोडाला टेप मारेन, झालं. हे बाहेर गेलं तर मला दंड तर होईलच, पण ज्यांच्या ज्यांच्याकडे काम केलंय त्यांचा इन्शुरन्सही लटकेल. तुला कळतंय ना?’ तिला कळत होतं. अगदी स्वच्छ कळत होतं. बाजूला बसलेला हा माणूस घाबरला होता. पण म्हातारीच्या जिवासाठी नाही, आपल्या नावासाठी. आणि आपण मान हलवली. खरंच हलवली. वीस वर्षं हलवतो तशीच, सवयीने, आणि हलवून झाल्यावर लक्षात आलं.

मयूराने दार उघडलं आणि आतून उदबत्तीचा लोट अंगावर आला. मोगरा, चंदन, आणि त्याखाली तो. चारुताच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. ‘या या या! हेमदादा, तुमच्यासाठी साबुदाणावडे. कालच्या वादळात आमचं सगळं शाबूत हं, तुमचं काम म्हणजे काम!’ हृषीकेशने दादांना मिठी मारली. सगळे किचनमध्ये उभे राहिले, कारण ओव्हनमुळे तिथेच काय ती ऊब होती. वड्यांचं तेल कढत होतं, दाण्याची चटणी फिरत होती, हेमचंद्र वडा फुंकत फुंकत इथल्या कायद्यांची टिंगल करत होता आणि सगळे हसत होते. ‘बल्ब बदलायलाही डिप्लोमा लागेल लवकरच!’ हा विनोद चारुताने शंभरदा ऐकला होता. तिने वडा हातात धरला होता, तेल बोटांवर ओघळत होतं. आता सांगू, हा वडा संपला की सांगू. त्याला वर चढायचं निमित्त मिळू दे, मग सांगू. असं म्हणत म्हणत तिने चटणीही मागून घेतली. ‘हृषी, तू खा ना,’ मयूरा म्हणाली, तर तो म्हणाला, ‘आत्ताच आलोय गं, शॉवर घेऊन लगेच तेलकट नको.’ केस ओले होते त्याचे. ‘हल्ली याचं सगळं जिममध्येच,’ मयूराने कौतुकाने सांगितलं, ‘जिमलाच जातो, तिथेच आंघोळ.’

तेवढ्यात काकू, हृषीकेशच्या आई, त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या. लहानखुऱ्या, स्वेटरवर स्वेटर घातलेल्या, खांद्यावर पंचा. ‘बसा गं तुम्ही, मी आपली पटकन आंघोळ उरकते. इकडे ऊन वर आल्याशिवाय धीरच होत नाही बाई. नैवेद्य राहिलाय.’ आणि त्या वाकल्या, बाथरूमच्या दाराशी ठेवलेल्या जाड रबरी सपाता एकेक पायात सरकवल्या. ‘आंघोळीला सपाता?’ चारुताच्या तोंडून निघून गेलं. काकू हसल्या, जरा ओशाळून. ‘अगं, इकडच्या नळाला चावा आहे ना. दोनतीन आठवडे झाले, मुंग्या येतात हाताला. आज पहाटे तोंड धुताना तर चांगलाच चावला. सपाता घातल्या की कमी येतं. मला आपलं वाटलं, थंडीच्या देशात पाण्यालाच असं काही असेल.’ हेमचंद्र चघळायचा थांबला. त्याने चारुताकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणी होती, आणि ती हुकुमापेक्षा वाईट होती. काकूंनी दाराची मूठ धरली, आणि बटण दाबलं, आणि छतातले ते चार दिवे लालसर पेटले.

‘काकू, थांबा! हात लावू नका नळाला, बाहेर या!’ ती इतक्या मोठ्याने ओरडली की मयूराच्या हातून झारा पडला. कुणी काही विचारायच्या आत चारुता मागच्या दाराने बाहेर पळाली, ओल्या गवतातून, घराच्या भिंतीवरची मीटरची पेटी उघडली आणि मेन स्विच खाली ओढला. तेलकट बोटं त्या थंड पत्र्यावर उमटली. आतून ओव्हनचा, पंख्याचा, फ्रिजचा, सगळा आवाज एका दमात बंद झाला. तिला वाटलं होतं आता आपण रडू. पण रडू आलं नाही. ती परत आत आली तेव्हा सगळे होते तिथेच उभे होते, उदबत्तीच्या धुरात, अंधारलेल्या किचनमध्ये.

‘काय हा तमाशा, चारू!’ हेमचंद्र म्हणाला. ‘आमच्याकडे आज नळाला करंट आला,’ ती मयूराकडे बघत म्हणाली, ‘यानेच केलेल्या कामातून. इथेही तेच आहे. तो वास माशाचा नाही, मयूरा. वायर जळतेय तुमची.’ मयूराने ओढणी तोंडाला लावली. मग हळूच म्हणाली, ‘मलाही लागायचं, वहिनी. सिंकशी. मी रबरी हातमोजे घालून भांडी घासते हल्ली. म्हटलं, दादांनी एवढ्या मायेने केलंय, त्यांना कसं सांगायचं? वाईट वाटेल त्यांना.’ आणि बोलता बोलता ती थांबली. नवऱ्याकडे वळली, त्याच्या ओल्या केसांकडे बघत राहिली. ‘हृषी, म्हणून तू जिममध्ये आंघोळ करतोस?’ हृषीकेशने टेबलावरचा टिश्यू घेतला आणि आधीच स्वच्छ असलेली बोटं पुसायला लागला. ‘हृषी?’ ‘मला वाटलं, लोड जास्त असेल,’ तो म्हणाला, ‘दादांना विचारणारच होतो, पण तसा चान्स...’ चान्स! म्हणजे याला ठाऊक होतं. स्वतःचं अंग यानं बाजूला काढून घेतलं होतं, आणि आईला रोज, दिवे लावून, आत जाऊ दिलं होतं, भिडेपोटी. चारुताला त्याच्या त्या शॅम्पूच्या वासाची शिसारी आली. पण त्याला काय बोलायचं? तिने स्वतः नव्हता का मेसेज दोनदा लिहून पुसला, चटणी मागून घेतली नव्हती? इथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने मुंग्या सोसल्या होत्या आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या मनाला जपत होता. कसली ही माया, जीव घेणारी! शी! तिला त्या सगळ्या चांगुलपणाची किळस आली, मऊ, गोडसर, बोटाने कपातून काढून खाण्यासारख्या चांगुलपणाची.

‘तुम्ही का नाही सांगितलंत, काकू?’ तिने विचारलं. काकू अजून बाथरूमच्या दाराशीच होत्या, सपाता पायात. मुलाकडे त्यांनी पाहिलंच नाही. पंचाची घडी घालत म्हणाल्या, ‘दुसऱ्याच्या घरी राहायचं तर थोडं सोसायला नको का?’ हृषीकेशच्या हातातला टिश्यू तसाच राहिला.

मग हेमचंद्रने घसा खाकरला, येताना आणलेली पुण्याची पिशवी पुढे ओढली आणि बाह्या वर सारल्या. ‘ठीक आहे, झालं ते झालं. पाच मिनिटांचं काम आहे. हृषी, शिडी आण. जोड सोडवतो, दुसरी टेप मारतो. बाहेर कुणाला सांगायची गरज नाही.’ आणि चारुताने पाहिलं, की हृषीकेश खरोखरच गॅरेजच्या दिशेने वळला. सुटल्यासारखा. मयूरानेही, डोळे पुसत, वड्यांच्या ताटावर झाकण ठेवलं, म्हणजे तोवर गार व्हायला नकोत. काही झालंच नव्हतं जणू. अजून थोड्या वेळाने दिवे लागतील, काकू सपाता घालून आत जातील, आणि पुढच्या रविवारी कुणीतरी तिसरं म्हणेल, हेमदादा आहेत ना.

तिने फोन काढला आणि वीज कंपनीच्या इमर्जन्सीचा नंबर लावला. ‘चारू,’ हेमचंद्र म्हणाला. एकदाच. पलीकडच्या बाईचा आवाज तरुण होता, थकलेला होता, वादळानंतर सकाळपासून तेच तेच ऐकून. कुणाला लागलंय का, मेन बंद केलाय का, सगळे बाहेर आहेत का. चारुता एकेक उत्तर देत गेली. मग त्या बाईने विचारलं, हे वायरिंग कुणी केलंय, तुम्हाला माहीत आहे का? समोर हेमचंद्र उभा होता, बाह्या वर सारलेला, पायाशी पुण्याची पिशवी, आणि ओठ हलवून आवाज न करता म्हणत होता, नाही म्हण, माहीत नाही म्हण.

‘माय हजबंड,’ ती म्हणाली, आणि नाव सांगितलं. त्या बाईला ते नीट कळलं नाही, म्हणून तिने पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.